ब्रेकबाईंच्या पोटातला खडा

"इंडिकेटर द्या, आरशात बघा आणि गाडी कडेला घ्या," ब्रेकबाई म्हणाल्या.

आवाज रोजच्यासारखाच सपाट होता. त्यामुळे गाडी शिकणाऱ्या ग्रंथपालबाईंना तो धड्याचाच भाग वाटला. त्यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, गाडी फुटपाथला अगदी सरळ लावली आणि शाबासकीच्या आशेने शेजारी वळल्या, तर शेजारची सीट रिकामी. दार उघडं. बाई गटाराच्या जाळीवर ओणव्या होऊन ओकत होत्या.

तेही नीटनेटकं. एक हात गाडीच्या दारावर, दुसऱ्या हाताने कपाळावरचे पांढरे केस मागे धरलेले. मग त्यांनी बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली, रुमालाने तोंड टिपलं, सीटवर बसून पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाल्या, "गाडी सरळ लागली. पण हँडब्रेक ओढला नाहीत."

"बाई, तुम्हाला बरं नाहीये."

"ते मला कळलंय. हँडब्रेक."

शिकाऊ गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. बाईंचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर गेलं होतं, म्हणून शहर त्यांना ब्रेकबाई म्हणायचं. तोंडावरही म्हणायचं आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. गाडी शिकवणारी बाई म्हणून सुरुवातीला लोक वळून वळून बघायचे. पुढे त्याच लोकांनी आपल्या मुली आणि सुना त्यांच्याकडे पाठवल्या. "निम्मं शहर माझ्याकडे गाडी शिकलंय," त्या म्हणत. "उरलेलं निम्मं कसं चालवतं, ते आपण रोज बघतोच."

त्या कधी ओरडत नसत. आपला ब्रेक इतका हलका दाबत, की कित्येकांना वाटायचं, गाडी आपणच थांबवली. तो गैरसमज त्या दूर करत नसत. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची सोय त्यांनी कुणालाच ठेवली नव्हती. घरात त्या आणि त्यांची धाकटी बहीण. धाकटी नवरा गेल्यावर चार दिवस राहायला म्हणून आली आणि राहिलीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देताना तिचं स्वतःचं जे बोलायचं राहून गेलं होतं, ते ती निवृत्तीनंतर घरात बोलून घेत होती. ब्रेकबाई ऐकायच्या. निदान ऐकल्यासारखं करायच्या.

पित्ताशयात खडे आहेत, हे फार पूर्वीच कळलं होतं. भलत्याच कारणासाठी काढलेल्या सोनोग्राफीत ते दिसले. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, काढून टाका.

"दुखत नाहीत, तर काढायचे कशाला?" बाईंनी विचारलं.

पुढे दुखायला लागले, तेव्हा त्यांचं म्हणणं बदललं. आधी टेस्टचा हंगाम संपू दे. मग नवी गाडी येऊ दे. मग धाकटीचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. दर वेळी कळ येई आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलं की जाई, आणि ती गेली की ऑपरेशनची गोष्टही तिच्याबरोबर जाई. दुखणं अंगावर काढणं ही काहींची खोड असते, तशी ती बाईंची होती.

मागच्या थंडीत मात्र कळ गेलीच नाही. उजव्या बरगडीखाली सुरू झालेली ती पाठीतून खांद्यापर्यंत चढली. ताप आला. धाकटीने रुग्णवाहिका बोलावते म्हणून फोन उचलला, की बाई पलंगावरून म्हणायच्या, "ठेव तो." आठवडाभर असं चाललं. मग एका दुपारी सूप पिता पिता पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं आणि दुखणं एकदम थांबलं. कुणीतरी बटण बंद करावं तसं.

"गेला," बाई म्हणाल्या. "विरघळला बहुतेक."

"साखर विरघळते, ताई," धाकटी म्हणाली. "दगड विरघळत नाहीत."

पण नंतर खरंच दुखलं नाही. बाई जेवू लागल्या, कामावर जाऊ लागल्या, आणि धाकटीला हार मानावी लागली.

ओकाऱ्या सुरू झाल्या त्या बऱ्याच महिन्यांनी. दोन दिवस पोट फुगायचं, ओकाऱ्या व्हायच्या, मग आपसूक सगळं मोकळं व्हायचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताचं गुलाबी औषध दिलं. उतार पडला की श्रेय औषधाला मिळायचं. पुन्हा सुरू झालं की दोष आदल्या दिवशीच्या जेवणाला.

त्या दिवशी गाडी पुन्हा सुरू केल्यावर दोन गल्ल्या ओलांडायच्या आत बाईंनी पुन्हा थांबायला सांगितलं. या वेळी त्यांना दार उघडायलाही जमलं नाही. हाताशी आलेल्या पिशवीत जे पडलं, त्याचा रंग आणि वास बघून ग्रंथपालबाईंनी तोंड फिरवलं. बाईंचं पोट कोटाच्या गुंड्या ताणून बाहेर आलं होतं आणि चेहरा जुन्या कागदासारखा झाला होता.

"उतरा. मी चालवते," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टा सोडला, पाय खाली ठेवला आणि तशाच परत बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्हीच चालवा. मोठ्या हॉस्पिटलला."

"मी? बाई, मधे मोठा चौक आहे. मी अजून चौकात गेलेली नाही."

"मग आज चौकाचा धडा."

ग्रंथपालबाई पन्नाशीच्या होत्या. पुस्तकांच्या कपाटांमध्ये आयुष्य गेलेलं. आवाज असा, की वाचनालयाबाहेरही कुजबुजल्यासारखाच वाटायचा. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं, जणू सोडलं तर आपणच पडू. चौकात सिग्नल हिरवा झाला आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं. मागून हॉर्नचा गदारोळ उठला.

"अगबाई, हे सगळे..."

"वाजवू द्या," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "हॉर्न वाजवायला अक्कल लागत नाही. क्लच पूर्ण दाबा. चावी. आता हळू. अजून हळू. बघा, निघाली."

हॉस्पिटलच्या फाटकापाशी गाडी गचका खाऊन थांबली. मदतनीस चाकाची खुर्ची घेऊन आला. बाईंना उतरवताना ग्रंथपालबाईंच्या लक्षात आलं, की बाईंचे दोन्ही पाय सीटवर पोटाशी घेतलेले आहेत. वाटेत केव्हातरी त्यांनी ते वर घेतले होते. म्हणजे चौकात दुसऱ्या ब्रेकवर कुणीच नव्हतं. हे कळल्यावर ग्रंथपालबाई परत गाडीत बसल्या आणि राहून गेलेला हँडब्रेक ओढला.

धाकटी बस पकडून आली, तोवर बाईंच्या नाकातून पोटात नळी गेली होती. नळीतून हिरवट काळं पाणी बाटलीत जमत होतं. दंडाला सलाइन होतं. स्कॅन झाला होता. सर्जन उंच, जरा वाकून चालणारे गृहस्थ होते. पडद्यावरची चित्रं दाखवायला ते पलंगाच्या कडेवरच बसले, आणि धाकटीला ते बरं वाटलं. उभ्याने बोलणारे डॉक्टर वाईटच बातमी देतात, असा तिचा समज होता.

"आतडं अडलंय," ते म्हणाले. "अडलंय कशाने, तर पित्ताशयातल्या खड्याने."

"पित्ताशयातला खडा आतड्यात कसा जाईल?" धाकटीने विचारलं. "मधे वाट आहे ना बारीकशी?"

"त्या वाटेने एवढा मोठा खडा जाऊच शकत नाही. त्याने स्वतःची वाट पाडली. मागे कधी खूप दुखून, ताप येऊन, अचानक थांबलं होतं का?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं.

"थंडीत," बाई म्हणाल्या. नळीमुळे आवाज नाकातून येत होता.

"त्या सुजेत पित्ताशय शेजारच्या आतड्याला चिकटलं. खडा मधली भिंत कुरतडत राहिला आणि शेवटी भोक पडलं. पू, दाब, सगळं आतड्यात मोकळं झालं. म्हणून दुखायचं थांबलं. ही बघा, पित्ताच्या नळ्यांमध्ये हवा दिसतेय. तिथे एरवी हवेचं काही काम नसतं. आतड्यातली हवा त्याच भोकातून वर चढलीय. पुढे केव्हातरी खडा खाली उतरला. थोडं पुढे जायचा, अडकायचा, तेव्हा ओकाऱ्या. सुटायचा, तेव्हा बरं. लहान आतडं शेवटाकडे सगळ्यात अरुंद असतं. आता तिथे रुतून बसलाय."

"म्हणजे बरं वाटलं, तेव्हा खरं तर बिघडलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो. असं फार थोड्यांना होतं. आम्हीसुद्धा पुस्तकात वाचतो आणि मग वर्षानुवर्षं वाट बघतो."

"तुमची वाट संपली म्हणायची," धाकटी म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण कुणावर, ते ठरत नव्हतं.

सर्जननी दोन मार्ग सांगितले. एक, आतडं उघडून फक्त खडा काढायचा, आतडं शिवायचं आणि बाहेर पडायचं. पित्ताशय, ते भोक, तिथला चिकटा, कशालाही हात लावायचा नाही. दुसरा, त्याच ऑपरेशनमध्ये पित्ताशय सोडवून काढायचं, भोक बुजवायचं, सगळंच निस्तरायचं. त्याला बराच जास्त वेळ लागतो.

"सगळंच करा," धाकटी लगेच म्हणाली. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे. हिला पुन्हा टेबलावर आणणं माझ्या बापालाही जमणार नाही."

बाईंनी विचारलं, "माणूस कशात जास्त मरतं?"

सर्जननी चष्मा काढला. "दुसऱ्यात. तुमचं वय, त्यात साखर, आणि ओकून ओकून अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत. थोडं भरून काढू, पण फार थांबता येणार नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर प्रकरण हाताबाहेर जाईल."

"मग पहिलं करा."

"अगं, आणि ते भोक? ते तसंच?" धाकटीचा आवाज चढला. "उद्या आणखी एखादा खडा उतरला तर?"

"उतरू शकतो," सर्जन म्हणाले. "थोड्यांना पुन्हा त्रास होतो. पण पुष्कळांचं भोक आपलं आपण बुजतं. नाहीच बुजलं, तर ताकद आल्यावर बघू. तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हाचं तेव्हा!" धाकटी म्हणाली. "आमच्या घरात मी हेच ऐकत आलेय, डॉक्टर. त्याचंच हे फळ आहे."

सर्जननी संमतीचा कागद पुढे केला. बाईंनी सही केली.

ते गेल्यावर दोघीच उरल्या. बाटलीत थेंब पडल्याचा आवाज येत होता. धाकटी उशी सारखी करू लागली. पांघरूण ओढू लागली. उशी पुन्हा सारखी करू लागली.

"लोक गुपितं पोटात ठेवतात," ती म्हणाली. "तू दगड ठेवलास. तुला काही झालं, तर मी त्या घरात एकटीने बोलायचं कुणाशी?"

"तू एकटीच तर बोलतेस."

"तू ऐकतेस म्हणून."

बाई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "छोटे, मला भीती वाटतेय."

धाकटीने इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नवरा गेल्याची रात्र ताईच्या कुशीत काढली होती तेव्हा नाही, आई गेली तेव्हाही नाही. ती पलंगाच्या पायथ्याशी गेली. ताईची पावलं गार पडली होती. तिने आपले मोजे काढले, ते ताईच्या पायांत घातले आणि टाचा दोन्ही हातांत धरून बसून राहिली. न्यायला आले, तेव्हा मोजे आत चालणार नाहीत म्हणून त्यांनी ते काढून तिच्या हातात परत दिले.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन स्वतः बाहेर आले. खडा अक्रोडापेक्षा मोठा होता. तो रुतला होता तिथे आतडं सुजलेलं, म्हणून त्यांनी तिथे चीर दिली नाही. खडा बोटांनी हळूहळू मागे सरकवत चांगल्या भागात आणला आणि तिथे आतडं उघडून बाहेर काढला.

"मग मी तो हातात फिरवून पाहिला," ते म्हणाले. "एक बाजू घासून चपटी झालेली. एकटा खडा गोल असतो. चपटी बाजू दिसली, की समजायचं, याला सोबत आहे."

म्हणून पोट बंद करण्याआधी त्यांनी सगळं आतडं, वीत वीत करत, बोटांतून सरकवलं. अगदी वर, जठराजवळच्या भागात, दुसरा सापडला. पहिल्याहून लहान, पण अडण्याइतका मोठा. त्याचीही एक बाजू चपटी होती. तो राहिला असता, तर बाई काही दिवसांत पुन्हा त्याच टेबलावर आल्या असत्या.

धाकटीने खडे बघायला मागितले. झाकणाच्या छोट्या बरणीत ते दोन पिवळसर तपकिरी दगड होते. तिने बरणी तिरकी केली. दगड घरंगळले आणि त्यांच्या चपट्या बाजू एकमेकींना टेकल्या. तिने बरणी परत दिली. "नकोत आम्हाला," ती म्हणाली.

बरं होणं सरळ झालं नाही. जखमेत पू झाला. टाके काही ठिकाणी उघडावे लागले, रोज कापूस भरावा लागला. पट्टी बदलताना बाई भिंतीकडे बघत. परिचारिका म्हणायची, "ओरडा हो जरा, आम्हाला कळत नाही दुखतंय की नाही." बाई म्हणायच्या, "दुखतंय." एवढंच.

ग्रंथपालबाई भेटायला आल्या, त्या पास होऊन. परीक्षकाने त्यांना मोठ्या चौकातूनच नेलं होतं. "इंजिन बंद पडलं का?" बाईंनी विचारलं. "पडलं," ग्रंथपालबाई त्यांच्या त्या कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "पण मी घाबरले नाही." बाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं.

पुन्हा थंडी सरली, तेव्हा बाई कामावर परतल्या. सर्जननी हरकत घेतली नव्हती. फक्त जड उचलू नका म्हणाले. पोटावर उभा व्रण होता, त्याच्या मध्यावर थोडा फुगवटा राहिला होता आणि वरून पट्टा बांधावा लागे. शिकायला एक सुतार होता. हाताने कुशल, पायाने आडमुठा.

तिसऱ्या का चौथ्या धड्याला एका गल्लीतून सायकलवाला एकदम आडवा आला. सुतार नुसता बघत राहिला. बाईंचा पाय ब्रेककडे गेला आणि त्याच क्षणी व्रणाच्या जागी पोटात ओढ बसली. शरीर स्वतःला सांभाळायला किंचित थांबलं. मग पाय दाबला गेला. गाडी थांबली, ती पुढचा बंपर सायकलच्या मागच्या चाकाला टेकवून. सायकलवाल्याने एक पाय जमिनीवर टेकला, दोघांच्याही घराण्याचा उद्धार केला आणि निघून गेला. त्याला खरचटलंही नव्हतं.

"थांबवली की नाही ऐन वेळी?" सुतार घाम पुसत म्हणाला.

"थांबवलीत," बाई म्हणाल्या. "आता परत फिरा. आज एवढंच."

घरी आल्यावर त्या कोट न काढताच खुर्चीत बसल्या. धाकटी बटाटे सोलत होती आणि खालच्या मजल्यावरच्या भांडणाचा वृत्तान्त सांगत होती. मधेच थांबून तिने विचारलं, "काय झालं?"

"आज उशीर झाला."

"कुठे? रोजच्याच वेळेला आलीस की."

"पायाला," बाई म्हणाल्या.

धाकटीने सुरी खाली ठेवली. काय झालं ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. धाकटी म्हणाली, "अगं, पण कुणाला लागलं का? कुणाला कळलं तरी का?"

"मला कळलं."

"व्रण अजून ओला आहे, ताई. महिन्याभराने..."

"नाही. एकदा पाय थांबला, की पुढच्या वेळी मी त्याच्याकडेच बघत बसणार. रस्त्याकडे कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपले शिकाऊ दुसऱ्या शाळेकडे सोपवले. प्रत्येकाबद्दल तिथल्या शिक्षकाला फोनवर सांगितलं: हा वळताना मागे बघत नाही, हिला चढावर भीती वाटते, सुताराशी शांतपणे बोला, तो ओरडलं की गोठतो. महिन्याभरात गाडीही त्याच शाळेने नेली. बाईंनी ती पुसून ठेवली होती.

पुढच्या तपासणीला दोघी मिळून गेल्या. स्कॅन झाला. सर्जन पुन्हा कडेवर बसले. भोक आपसूक बुजलं होतं. पित्ताशय आक्रसून अंगठ्याएवढं झालं होतं आणि रिकामं होतं. "याला हात लावायची गरज नाही," ते म्हणाले. "त्याने आपलं आपण निस्तरलंय." धाकटीने तीन वेळा खात्री करून घेतली. बाईंनी फक्त आभार मानले.

परतीच्या बसमध्ये धाकटीने ताईला खिडकीकडची जागा दिली. दुपारची बस, अर्धी रिकामी. बाई या शहरात जन्मल्या होत्या, पण बसने क्वचितच गेल्या होत्या. आजवर त्यांची नजर गाडीच्या नाकापुढच्या रस्त्यावर असायची: चाकं, पावलं, पाणी साचलेले खड्डे, फुटपाथवरून उतरणारी माणसं. बस मोठ्या रस्त्याला लागली, तशी त्यांनी मान वर केली.

"छोटे, त्या कापडाच्या दुकानावर हा मजला कधी चढवला?"

"कुठला गं?"

"तो, हिरव्या खिडक्यांचा."

"अगं, तो पहिल्यापासून आहे," धाकटी म्हणाली. "तिथे दाताचे डॉक्टर राहायचे. त्यांचा फोन कधी म्हणून मोकळा मिळाला नाही."

बाई बघत राहिल्या. एका गच्चीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्याच्या पलीकडे एक लांब लोखंडी सज्जा होता, कठड्यावर वेल चढलेला, आणि आरामखुर्चीत एक म्हातारा डोळ्यांवर वर्तमानपत्र ठेवून झोपला होता. छपराच्या टोकाशी कबुतरांचं खुराडं होतं. या रस्त्यावरून त्या जन्मभर रोज गेल्या होत्या.

"आणि ते? सज्जावालं?"

धाकटी सांगू लागली. त्या घरात कोण होतं, कोण गेलं, कुणाचा कुणाला रोज त्याच वेळी फोन यायचा. बाई ऐकत होत्या. बस वळली, तशी त्यांनी काच खाली सरकवली आणि मान थोडी आणखी वर केली.